गाडीची उंची कोण ठरवतो? बैलबंडीपासून ‘लोअर’ केलेल्या कारपर्यंत

🧵 थ्रेड

१/
मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा. वाशीम जिल्ह्याच्या या तीन तालुक्यांतून समृद्धी महामार्गाचा काँक्रीटचा पट्टा जातो. मोटारींना तेथे ताशी १२० किमी वेगाची मुभा आहे. त्याच पट्ट्यापासून थोड्या अंतरावर शेताकडे जाणारे पांदण रस्ते आहेत आणि पावसाळ्यात तेथे बैलाचा पायही रुततो. कार खाली करण्याचा, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘लोअर’ करण्याचा प्रश्न या दोन रस्त्यांच्या मधोमध उभा आहे.

२/
प्रश्न वरकरणी साधा आहे: कोणत्या स्प्रिंगा घ्याव्यात, कोणते शॉकअप बसवावेत, किती सेंटिमीटर खाली यावे? परंतु वाहनाची जमिनीपासूनची उंची ही केवळ हौसेची बाब कधीच नव्हती. रस्ता, चाक आणि भार यांच्यात झालेला तो एक तह असतो. तहाचे एक कलम बदलले, की उरलेली कलमे नव्याने लिहावी लागतात. हा थ्रेड त्या तहाच्या इतिहासाविषयी आहे.

३/
अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये ब्राँझच्या चार प्राचीन वस्तू सापडल्या. त्यांपैकी एक म्हणजे बैलजोडी जुंपलेला रथ. रथात मनुष्य उभा आहे. महाराष्ट्रात सापडलेल्या चाकाच्या वाहनाच्या प्राचीन प्रतिमांत ही सर्वांत प्रसिद्ध. या रथाला धक्के शोषणारा कोणताही भाग नाही. उभ्या माणसाचे गुडघे हेच त्याचे सस्पेन्शन.

४/
पुढची अनेक शतके यात मूलभूत फरक पडला नाही. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. त्या काळापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत या प्रदेशातील मालवाहू गाडीचे तत्त्व तेच राहिले: आस थेट साट्याखाली, मध्ये कमान नाही, आणि सगळा भरवसा चाकाच्या आकारावर.

५/
वऱ्हाडातील बंडीचे चाक माणसाच्या छातीपर्यंत येते. तुंबा, आरे, पुठ्ठे आणि त्यांवर तापवून चढवलेली लोखंडी धाव, अशी त्याची रचना. चाक मोठे ठेवण्यामागे दोन कारणे होती. मोठे चाक खड्ड्यात कमी बुडते व दगडावरून सहज चढते. शिवाय चाक मोठे असले म्हणजे आस आपोआप उंच राहते आणि गाडीचे पोट चिखलाला टेकत नाही.

६/
ही उंची काळ्या मातीने लादलेली होती. बेसाल्ट खडकापासून झालेली कापसाची काळी जमीन पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पावसाळ्यात चाकोरी इतकी खोल जाते, की दोन चाकोऱ्यांमधला मातीचा उंचवटा आसेला घासू लागतो. सुतार-लोहारांनी बंडीची उंची ठरवली ती या उंचवट्याकडे पाहून. त्या काळी गाडी खाली करणे म्हणजे ती चिखलात सोडून येणे.

७/
वाहन खाली येण्यास दोन गोष्टी लागल्या: नवी कमान आणि नवा रस्ता. कमानीची कथा इंग्लंडमधली आहे. जुन्या घोडागाड्यांत पुढची व मागची आस एका लांब, जड तुळईने जोडलेली असे. गाडीचा डबा त्या तुळईच्या वर टांगावा लागे, म्हणून गाड्या उंच असत आणि पायऱ्यांनी चढावे लागे.

८/
१८०४ मध्ये ओबाडाया एलियट या गाडी बनवणाऱ्या कारागिराने लंबवर्तुळाकार कमानीचे पेटंट घेतले. पोलादाच्या पातळ पट्ट्या एकावर एक ठेवून केलेल्या दोन धनुष्याकृती कमानी, टोकाला टोक जोडलेल्या. या कमानी थेट आसेवर बसल्या आणि डब्याचा भार त्यांनी पेलला. मधली तुळई निरुपयोगी ठरली. ती काढताच डबा खाली आला.

९/
सस्पेन्शनचा सुटा भाग बदलून वाहन खाली आणल्याचे हे एक आरंभीचे आणि स्पष्ट उदाहरण. त्यातला क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. एलियटने कमान कापली नाही. भार वाहण्याचा नवा मार्ग त्याने आधी तयार केला आणि उंची त्यानंतर कमी झाली. पुढे जेथे जेथे गाडी यशस्वीपणे खाली आली, तेथे बहुधा हाच क्रम दिसतो.

१०/
दुसरी गोष्ट रस्त्याची. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८६० च्या दशकात जीआयपी रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली. कापूस स्थानकापर्यंत नेण्यासाठी खडीचे रस्ते बांधले जाऊ लागले. वाशीम तेव्हा ‘बासीम’ या नावाने वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अकोल्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला.

११/
खडीच्या रस्त्याबरोबर टांगा आला: दोन चाके, पोलादी कमानी, बुटका साटा, पाठीला पाठ लावून बसणारे उतारू. शेतात बंडी, पक्क्या सडकेवर टांगा, अशी विभागणी झाली. दोन्ही गाड्या एकाच गावात असत, पण त्यांची उंची वेगळी, कारण त्यांच्या वाटा वेगळ्या. खडीची सडक संपली की टांगा थांबे आणि पुढचा प्रवास बंडीने किंवा दमणीने होई.

१२/
मोटार आली तेव्हा हाच वाद नव्याने सुरू झाला. आरंभीच्या मोटारींत सांगाडा, म्हणजे चेसिस, आसेच्या वर बसवलेली असे. १९०७ च्या सुमारास अमेरिकेतील ‘अमेरिकन अंडरस्लंग’ या गाडीने ती आसेच्या खाली टांगली. गाडी एकदम बुटकी दिसू लागली आणि वळणावर स्थिर राहू लागली. मात्र गेलेली उंची भरून काढण्यासाठी तिला नेहमीपेक्षा मोठी चाके द्यावी लागली. बंडीच्या सुतारांची युक्ती इंडियानापोलिसच्या अभियंत्यांनाही वापरावी लागली.

१३/
१९२२ मध्ये इटलीच्या लान्सिया कंपनीची ‘लाम्ब्दा’ पॅरिसच्या प्रदर्शनात आली. तिला वेगळी चेसिस नव्हती, गाडीचे अंगच भार पेलत होते. पुढची चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे वरखाली होत. मागच्या चाकांना शक्ती देणारा दांडा फरशीतील बोगद्यातून नेल्याने आसने खाली बसली. येथेही क्रम तोच: आधी रचना, मग उंची.

१४/
भारतात मात्र रस्त्याने उंचीची बाजू घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. जीपला चारही चाकांवर पाटे आणि पोटाखाली मोकळी जागा. हिंदुस्तान मोटर्सच्या ॲम्बेसेडरला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन भार पेलणारे पोलादी दांडे, आणि मागे पाटे. कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला पुढे गुंडाळीची स्प्रिंग आणि मागे पाटे.

१५/
१९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० ने मॅकफर्सन स्ट्रट सर्वसामान्य भारतीय घरात आणला. या रचनेत स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या नळकांड्यावर असतात. आज बहुतेक छोट्या मोटारींची पुढची बाजू याच पद्धतीची आहे. परदेशी आराखड्याच्या अनेक गाड्या भारतात आणताना थोड्या उंच केल्या जातात. म्हणजेच येथे गाडी लोअर करणारा मालक एका अभियंत्याने रस्ता पाहून घेतलेला निर्णय उलटवत असतो.

१६/
उंची ही सत्तेचीही बाब होऊ शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी जुन्या शेव्हरोलेट गाड्या खाली करण्यास सुरुवात केली. डिकीत वाळूची पोती ठेवणे, स्प्रिंगेचे वेढे कापणे, हे त्यांचे पहिले उपाय. ज्या समाजात त्यांना मागे राहण्यास सांगितले जाई, त्या समाजाच्या मुख्य रस्त्यावरून सावकाश, सजवलेल्या गाडीतून जाणे ही त्यांची ओळख बनली. त्या गाड्यांना ‘लोरायडर’ म्हणतात.

१७/
१ जानेवारी १९५८ पासून तेथे कायदा लागू झाला: चाकाच्या रिमच्या सर्वांत खालच्या कडेपेक्षा गाडीचा कोणताही भाग खाली येईल असा बदल करता येणार नाही. १९५९ मध्ये रॉन अगिरे या तरुणाने आपल्या कॉर्व्हेटला विमानांच्या भंगारातील हायड्रॉलिक पंप जोडले. रस्त्यावर गाडी खाली, पोलीस दिसताच वर. तो कायदा २०२३ मध्ये रद्द ठरवला गेला आणि हा बदल १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला.

१८/
वर-खाली होणारी गाडी फ्रान्समध्ये त्याआधीच, १९५५ साली आली होती. सित्रोएन डीएसमध्ये पोलादी स्प्रिंगेऐवजी दाबाखालचा वायू आणि तेल होते. चालक एका दांड्याने उंची निवडू शके: चांगल्या रस्त्यावर खाली, खराब रस्त्यावर वर. लोरायडर आणि डीएस यांची कारणे भिन्न, निष्कर्ष मात्र एकच: ज्याला दोन तऱ्हेच्या रस्त्यांवर जायचे आहे, त्याला एकच कायमची उंची पुरत नाही.

१९/
भारतात उंचीवरून करही ठरला. २०१३ च्या अर्थसंकल्पात एसयूव्हीवरील उत्पादन शुल्क वाढवताना जे निकष होते, त्यांत १५०० सीसीहून मोठे इंजिन, ४ मीटरहून अधिक लांबी आणि किमान १७० मिमी ग्राउंड क्लिअरन्स यांचा समावेश होता. ही १७० मिमी गाडी रिकामी असताना मोजायची, असा खुलासा जीएसटी परिषदेने जुलै २०२३ मध्ये केला. भरलेली गाडी खाली बसते, हे कर ठरवणाऱ्यांनाही ध्यानात घ्यावे लागले.

२०/
आता हिशेब. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर जातो आणि हे प्रमाण गुरुत्वमध्याच्या उंचीवर अवलंबून असते. समजा, गुरुत्वमध्य ५५ सेंमीवर आहे आणि गाडी ३ सेंमी खाली केली. भाराचे स्थलांतर सुमारे ५ टक्क्यांनी घटले. त्याच वेळी पोटाखालची जागा १७ वरून १४ सेंमी झाली, म्हणजे जवळपास १८ टक्के गेली. मिळकत आणि किंमत यांची ही तुलना खरेदीपूर्वी करावी.

२१/
स्प्रिंग कापण्याविषयी. गुंडाळीच्या स्प्रिंगेचे कार्यरत वेढे जितके कमी, तितकी ती ताठ. ६ पैकी १ वेढा कापला, की ताठपणा २० टक्क्यांनी वाढतो. शॉकअप मात्र जुन्याच ताठपणासाठी बनलेला असतो. त्याचा दाब सुमारे १० टक्क्यांनी वाढायला हवा, तो वाढत नाही आणि गाडी उड्या मारू लागते. कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. गॅसने तापवून स्प्रिंग बसवणे याहून वाईट, कारण त्याने पोलादाचे पाणीच उतरते.

२२/
मॅकफर्सन स्ट्रटमध्ये आणखी एक छुपी अडचण आहे. गाडी खाली केली, की चाकाला धरणाऱ्या खालच्या हाताचा कोन बदलतो. ज्या बिंदूभोवती गाडी कलते, तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली जातो. दोहोंमधले अंतर वाढते आणि स्प्रिंग ताठ केली नसेल, तर बुटकी झालेली गाडी वळणावर आधीपेक्षा जास्त कलते. दिसते ती शर्यतीची गाडी, चालते ती सैल गाडी.

२३/
म्हणून भाग निवडण्याचा क्रम असा:
▪ पुढच्या-मागच्या चारही स्प्रिंगा त्याच मॉडेलसाठी बनवलेल्या असाव्यात आणि उतार २ ते ३ सेंमीपुरता ठेवावा.
▪ त्या स्प्रिंगेला साजेसे, कमी लांबीचे शॉकअप सोबतच घ्यावेत.
▪ बंपस्टॉपचे रबर काढून टाकू नये. चाकाची चाल संपते तेथे धातूवर धातू आदळण्यापासून तेच वाचवते.
▪ काम झाल्यावर अलाइनमेंट करावीच. चाकांचा कोन बिघडला, तर टायर एका कडेने झिजतात.

२४/
कॉइलओव्हर, म्हणजे उंची फिरवून ठरवता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच, महाग असतो. पण दोन तऱ्हेच्या रस्त्यांसाठी तोच अधिक शहाणपणाचा, कारण चूक झाली तर गाडी पुन्हा वर घेता येते. पाटे असलेल्या गाडीत आस पाट्याच्या वर असेल, तर दोहोंमध्ये लोखंडी ठोकळा ठेवून मागची बाजू खाली आणता येते. पाट्याची पट्टी काढून टाकणे हा उपाय नव्हे. तिने भार वाहण्याची शक्तीच कमी होते.

२५/
आता गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंमी उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या कमानीचा असावा. पुढच्या-मागच्या चाकांत २.४ मीटर अंतर असलेली कार त्यावर चढली, तर तिच्या पोटाखाली कमानीचा उंचवटा फक्त ४ सेंमीच्या आसपास येतो. १४ सेंमी उंचीची गाडी असा गतिरोधक सहज ओलांडते.

२६/
गावाच्या वेशीवर मुरूम-डांबर टाकून केलेला हातभर रुंदीचा उंचवटा मात्र वेगळा. तो दोन्ही चाकांच्या मध्ये पूर्णपणे मावतो, त्यामुळे त्याची सगळी उंची पोटाला भिडते. चार माणसे आणि सामान घेऊन गाडी आणखी काही सेंटिमीटर बसलेली असते. मग चेंबर फुटतो, तेल सांडते आणि इंजिन जाते. बंडीच्या आसेला घासणारा मातीचा उंचवटा आणि हा गतिरोधक, भूमितीच्या दृष्टीने दोन्ही एकच.

२७/
कायद्याची बाजूही टाळता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा निर्णय बाजूला सारून हे कलम काटेकोरपणे लागू केले. भाग विकत घेण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी यांच्याकडे लेखी विचारणा करणे शहाणपणाचे. अपघातानंतर ती विचारणा समोरून होते आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

२८/
११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किमीचा टप्पा खुला झाला. वाशीमसारख्या जिल्ह्यात बुटक्या, वेगवान मोटारीला साजेसा रस्ता त्यामुळे दाराशी आला. गाडी खाली करण्याची इच्छा या रस्त्यावरून वाढली असेल, तर त्यात नवल नाही. खडीच्या सडकेने टांगा आणला होता, काँक्रीटने ही इच्छा आणली.

२९/
तथापि टांग्याच्या काळी दोन रस्त्यांसाठी दोन गाड्या होत्या. आज एकाच कारला महामार्गावरून उतरून गावात, आणि गावातून कधी शेतापर्यंत, जावे लागते. दवाखान्याची घाई असेल, तर वाट निवडण्याची सवडही मिळत नाही. गाडीची उंची त्या प्रवासातील सर्वांत खराब अर्ध्या किलोमीटरने ठरते, उरलेल्या शंभर चांगल्या किलोमीटरनी ठरत नाही.

३०/
म्हणून लोअरिंगचा पहिला सुटा भाग दुकानात मिळत नाही. आधी एक मोजपट्टी घ्यावी, रोजच्या वाटेवरील सर्वांत उंच उंचवटा मोजावा, गाडी माणसांनी भरून तिचे पोट मोजावे आणि मगच स्प्रिंगेचा आकडा ठरवावा. छातीएवढे चाक घडवणाऱ्या वऱ्हाडी सुतारांनी नेमके हेच मोजमाप केले होते.

#इतिहास #वऱ्हाड #वाशीम #चाकांचा_इतिहास